पहिली खाडाखोड

२२ जून, सोमवार
नगरपंचायतीची आजची सभा अडीच तास चालली. सुरुवातीचे विषय तक्रारींचे. फणसाची पानं शेजाऱ्याच्या पन्हळीत, बंगलेवाल्यांचा शनिवारचा डीजे, मोकाट कुत्री. विषय क्र. ४: मेन रोडवर रानभाजी विकणाऱ्या आदिवासी वाडीवरच्या बायका. दुकानदारांचा अर्ज होता की पळसदरीला सहलीला जाणारे पाहुणे भर रस्त्यात गाडी थांबवून शेवळं-काकडं घेतात, रस्ता तुंबतो. १ ऑगस्टपासून बायकांनी जुन्या मटण मार्केटमागे बसायचं. फलक लागणार. मंजूर.

पाच वाजता इतिवृत्ताचं पुस्तक पूर्ण करून मोकळा. संगणकावर टाईप करणारे करोत, पुस्तक माझ्या हातचंच. सत्तावीस वर्षं, पार ग्रामपंचायत होती तेव्हापासून, एक खाडाखोड नाही. मागे तपासणीला आलेले साहेब म्हणाले होते, "भाऊसाहेब, हाताने लिहिता की छापून आणता?" युक्ती साधी आहे. ठराव आदल्या दिवशीच लिहून ठेवायचे, सभेत फक्त सूचक-अनुमोदकाचं नाव भरायचं. डिसेंबरात निवृत्ती. नंतर येतील त्यांनी एवढं करून दाखवावं.

१ जुलै
हिराताई शिद आल्या होत्या. वाडीवरच्या, यंदाच निवडून आलेल्या. सभेच्या इतिवृत्ताची नक्कल हवी म्हणाल्या. आजवर एकाही सदस्याने मागितली नव्हती. मला बरंच वाटलं, कुणीतरी वाचणार! चहा सांगितला.

चौथी शिकलेल्या. टेबलाशी बसूनच वाचायला लागल्या, ओळीखाली बोट धरून. वि. क्र. ४ च्या शेवटी बोट थांबलं.
"सर्वानुमते म्हंजे समदी?"
"होय."
"मंग मी कोण?"
मी म्हणालो, लिहायची पद्धत आहे ताई, सगळ्याच ठरावांना तसंच येतं.
"मी बोलले व्हते. मला नाय पटत, बोलले व्हते. तुमी माज्याकडं बघितलं पन."

चहा अर्धा ठेवून गेल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ जुलै
बोलल्या होत्या. खोटं कशाला लिहू, निदान इथे तरी. अध्यक्षबाई "पुढचा विषय" म्हणत होत्या, त्याच्या जरा आधी. मी मान वर केली होती. पण पुस्तकात "सर्वानुमते" आदल्या दिवसापासून तयार होतं.

घरी सुमनला सांगितलं. ही भाकरी थापता थापता म्हणाली, "जन्मभर अक्षरच बघत बसलात. मजकूर कधी बघणार?" फार लागलं. जेवलो मात्र.

७ जुलै
मेन रोडने मुद्दाम चालत गेलो. पाटीत टाकळा, कुर्डू, थोडी कंटोली. सात-आठ जणी, प्लास्टिक डोक्यावर घेऊन. मग मटण मार्केटमागे जाऊन आलो. माणूस नाही तिथे, गटार तेवढं भरून वाहतंय. तिथे कोण कंटोली घ्यायला येईल? आणि पावसाळा संपला की हा धंदाही संपला, पुढच्या पावसापर्यंत बसा.

दुपारी जुनी पुस्तकं काढली. सर्वानुमते, सर्वानुमते, सर्वानुमते. अक्षर देखणं आहे, वाद नाही. त्यातली खरी किती असतील...

१६ जुलै
मुख्याधिकाऱ्यांना हळूच विचारलं, इतिवृत्तात दुरुस्ती करावी म्हणतो. म्हणाले, "निवृत्तीला पाच महिने राहिलेत ना? कशाला नसती उठाठेव?" बरोबर आहे त्यांचं. दुकानदारही तुटून पडतील.

पुस्तक बंद केलं. परत उघडलं. परत बंद.

२० जुलै, सोमवार
सभेवरून आलो तो थेट लिहायला बसलो.

विषय पहिला नेहमीचाच, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचत कुणी नाही, सगळे "कायम, कायम" म्हणतात. आजही म्हणाले. मी उभा राहिलो. सत्तावीस वर्षांत सभेत एक शब्द बोललो नव्हतो. म्हणालो, "अध्यक्षबाई, वि. क्र. ४ मध्ये माझ्या हातून चूक झाली आहे. हिराताईंनी विरोध केला होता. मी लिहिला नाही."

मुख्याधिकारी माझ्याकडे खाऊ की गिळू असे बघत होते. मग कोपऱ्यातून म्हातारे सदस्य पाटील, "त्या दिवशी मी बी गप बसलो. माजा बी विरोध लिवा." बाजूचा एक दुकानदार सदस्य उसळला, "आता लिवा म्हंजे? एवढे दिवस कुटं व्हता?" अर्धा तास गलका. शेवटी अध्यक्षबाईंनी सांगितलं, ३० तारखेला खास सभा, विषय पुन्हा घ्या, तोवर फलक लावू नका.

सर्वांसमक्ष "सर्वानुमते"वर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली. रेघ जरा वाकडी आली. पानाकडे पुन्हा पुन्हा बघितलं. एवढा अभिमान मला त्या साऱ्या बिनखाडाखोडीच्या पानांचा कधी वाटला नव्हता. सांगितलं तर लोक हसतील, म्हणून इथेच लिहून ठेवतो.

हिराताई जिन्यात भेटल्या. आभार वगैरे नाही. म्हणाल्या, "भाऊसाहेब, तीस तारखेला मी लई बोलनार हाय. हात दुखंल तुमचा."

२९ जुलै
दुकानदारांनी आज सह्यांचा नवा अर्ज दिला, आधीपेक्षा लांब. वाडीवरूनही एक आला, खाली अंगठे जास्त. कोण कुणीकडे हात वर करेल, सांगता येत नाही. मुख्याधिकारी बोलत नाहीत माझ्याशी. सुमनने मात्र न मागता गोड शिरा केला.

उद्याच्या पानावर तारीख टाकली, विषय लिहिला. ठराव लिहिलेला नाही. पहिल्यांदाच. खाली पान कोरं आहे आणि पेनात शाई भरून ठेवली आहे.