प्रिंटर चालूच ठेवलाय

अहो,

मी आईकडं पाचोडला चाललेय. परत कधी येईन, ते ठरवलं नाय. भाकरी फडक्यात बांधून ठेवल्यात. उद्या टँकर आला की ड्रम भरायला तुम्हालाच थांबावं लागंल.

तुमच्या प्लॉटिंगच्या पत्रकात एवढा मोठा स्विमिंग पूल आहे, त्यामुळं निळा टोनर लवकर संपतो. नवा कपाटात आहे.

प्रिंटर बंद करून मी भाजीला जरी गेले, तरी तुम्हाला मोबाईलवर कळायचं. लगेच फोन यायचा, "बंद का दिसतोय? कुठं गेलीस?"

म्हणून आज चालू ठेवूनच निघतेय. दिवसभर तुम्ही साइटवरून मोबाईलनं छापायला पाठवलेली पत्रकं फरशीवर पडली असतील. तुम्हाला वाटलं असंल, मी उचलतेय.

प्रेरणा