बंद झालेलं मॉडेल आणि तुमचा उजवा कान

अहो,

काल दुपारपासून तुमच्याशी बोलायचं आहे, पण बोलून काय होतं ते मला कालच कळलं, म्हणून लिहिते आहे. लग्नानंतर तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. आपण तेवढे लांब कधी राहिलोच नाही.

तुम्हाला उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं? अजिबात नाही? आणि हे मला, तुमच्या बायकोला, ॲम्प्लिफायर विकणाऱ्या माणसानं सांगावं?

रागावले आहे, ते तर झालंच. पण रागापेक्षा दुसरंच काहीतरी छळतं आहे. दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी तुमच्या कानाशी वाकून बोलले होते. तो कान उजवा होता. माझं बोलणं तुमच्यापर्यंत पोचलं का, एवढंच मला हवं आहे. आणि ते सांगू शकणारा माणूस एकच, तो कायमचा गप्प बसला आहे.

काल मी त्या टिळक रोडच्या दुकानात गेले होते, तुमचा तो लाडका डबा, म्हणजे तो ॲम्प्लिफायर, विकायला. खरंच सांगते, तो दिसला की मला अजून संताप यायचा. गेल्या दिवाळीच्या आधी तुम्ही तो घेतलात तो दिवस मी विसरलेले नाही. दुकानदार अविनाश स्वतः सांगत होता, "काका, हे मॉडेल कंपनीनं बंद केलंय. नवीन आलंय ना, मोबाइलवर चालतं, आणि त्याच्यावर सूट पण आहे." आणि तुम्ही म्हणालात, "मला हेच द्या." पूर्ण किमतीला! घासाघीस नाही, 'काहीतरी कमी करा' नाही, काही नाही.

मी हबकलेच होते. सेल लागल्याशिवाय बनियन न घेणारा माणूस हा! टूथपेस्टची ट्यूब कात्रीनं कापून आतली पेस्ट वापरणारा. संध्याकाळी उशिरा मंडईत गेलं की कोथिंबीर निम्म्या भावात मिळते, हे मला शिकवणारा. मी तिथल्या तिथे विचारलं, "बंद पडलेल्या मालाला पूर्ण पैसे कुणी देतं का? उद्या बिघडलं तर पार्ट कुठून आणणार?" तर तुम्ही म्हणालात, "बटणं चांगली आहेत." मी म्हटलं, "बटणं बघून घ्यायला तो शर्ट आहे का?" अविनाश हसला. तुम्ही नाही हसलात. पैसे मोजलेत आणि खोकं उचललंत.

घरी येईपर्यंत मी बोलत होते. गाडी तुम्ही चालवत होता, मी डावीकडे बसले होते, म्हणजे तेवढं तरी सगळं ऐकलंत तुम्ही. बरं झालं.

तर काल मी अविनाशला मोबाइलवर फोटो दाखवला आणि विचारलं, काय येतील याचे? तो म्हणाला, "काकू, इतक्यात विकू नका. हे आता मिळत नाही. काकांसारखी माणसं शोधत येतात." मी विचारलं, काकांसारखी म्हणजे? तो अगदी सहज म्हणाला, "एका कानानं ऐकणारी."

मग त्यानं समजावून सांगितलं. दोन स्पीकरमधून वेगवेगळं वाजतं म्हणे, गाणारा एकीकडे, वाजवणारे दुसरीकडे. दोन कान असलेल्याला त्याची मजा. एका कानाच्या माणसाचं त्यातलं बरंच काही हवेतच जातं. या तुमच्या मॉडेलवर 'मोनो' लिहिलेलं एक बटण आहे. ते दाबलं की दोन्हीकडचं सगळं एकत्र होऊन दोन्ही स्पीकरमधून सारखंच येतं. नव्या मॉडेलमध्ये कंपनीनं नेमकं तेच बटण काढून टाकलं, कारण कुणी वापरत नाही. "काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मला," तो म्हणाला. "बाहेरगावच्या डीलरकडे शेवटचा पीस होता, तो मागवून दिला त्यांना. त्या दिवशी तुमच्यासमोर नव्याचं आणि सुटीचं बोललो, ते पैसे घेण्याआधी गिऱ्हाइकाला सांगावंच लागतं म्हणून. एरवी मी कुणालाच सांगत नाही बंद झालेलं मॉडेल पूर्ण किमतीला घ्या म्हणून. वॉरंटीचं, पार्टचं तुमचं म्हणणं बरोबरच होतं. पण नव्यात जे नाहीच, ते जुन्यातूनच घ्यावं लागणार ना?"

मी काय म्हणाले असेन? "हो, हो, माहीत आहे मला." परक्या माणसासमोर नवऱ्याच्या कानाबद्दल आपल्याला ठाऊक नाही असं कसं म्हणणार? त्यानं चहा मागवला, तो प्याले. बाहेर येऊन रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "खडकी." खडकीची भाड्याची खोली सोडून आपल्याला किती वर्षं झाली! पार संगमवाडीपर्यंत गेल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि घरी, वारज्याला वळवायला सांगितलं. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, एकदा काय ते नक्की करा. वारजे कुठं, खडकी कुठं." त्याचं काय चुकलं? मीटर मात्र त्यानं चालूच ठेवलं होतं.

घरी आल्याआल्या कात्रजला तुमच्या बहिणीला फोन लावला. सुमनताई म्हणतात कशा, "अगं, तुला माहीत नव्हतं? लहानपणी गालगुंड झालं होतं त्याला, तेव्हा गेला तो कान. सगळ्यांना माहीत आहे." सगळ्यांना, म्हणजे मी सोडून! मुलगी बघायला जाताना सासूबाईंनी बजावलं होतं म्हणे, कानाचं आत्ता बोलू नकोस, जमल्यावर सांग. जमल्यावर तुम्ही म्हणालात, लग्नानंतर सांगतो. लग्नानंतर म्हणालात, आत्ताच कुठे रुळते आहे. पुढे म्हणालात, आता सांगितलं तर भांडेल. आणि मग काय, आता काय सांगायचं! सुमनताई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, कधीतरी सांगितलंच असेल त्यानं. असलं का कुणी आपणहून विचारतं?" तुमच्या घरातली सगळी माणसं एकेक करून असंच समजत राहिली. कुणीच खोटं बोललं नाही, आणि मला कुणी काही सांगितलं नाही.

आमच्या घरी मला बघायला आलात तेव्हा तुम्ही बसलेल्या खुर्चीवरून उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसला होतात, आठवतं? माझी मावशी नंतर किती दिवस कौतुक करत होती, की मुलगा किती नम्र, पंख्याखालची जागा मोठ्यांना दिली. त्या खुर्चीवर माझं लग्न ठरलं हो! नम्रता कसली, डावा कान माझ्या वडिलांकडे यायला हवा होता, एवढंच ना?

कालपासून मी आपला संसार असा एकेक बाजूनं उलटून बघते आहे. रस्त्यानं चालताना तुम्ही नेहमी माझ्या उजव्या हाताला, रहदारीच्या बाजूला. मी मुक्ताला अभिमानानं सांगत आले, बघ, बाबा मला गाड्यांपासून कसे जपतात. ती लग्न करून बंगळूरला गेली तेव्हा जावयालाही ऐकवलं होतं. आता मी काय समजू? त्यातलं किती माझ्यासाठी होतं आणि किती कानासाठी? की दोन्ही? दोन्ही असेल तर तसं सांगा, मला चालेल.

आणि गाडी! ड्रायव्हिंग शिकले, लायसन्स काढलं, आणि तुम्ही एकदाही मला चालवू दिली नाहीत. मी समजत होते, बायको चालवणार आणि आपण शेजारी बसणार हे यांना सोसत नाही. मैत्रिणींपुढे तुम्हाला जुन्या वळणाचे म्हणून हिणवलंसुद्धा. मी चालवत असते तर तुमच्या उजव्या बाजूला बसले असते आणि तुम्हाला माझा शब्द कळला नसता. एवढं सांगायला काय झालं होतं? मी हसले असते का?

भांडण झालं की तुम्ही डाव्या कुशीवर वळून झोपायचात. चांगला कान उशीत! आणि मी तासभर मुद्देसूद बोलत राहायचे. याबद्दल मात्र मी तुम्हाला माफ करणार नाही. माझे किती चांगले मुद्दे वाया गेले.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मुक्तानं हौसेनं म्युझिक सिस्टिम घेऊन दिली होती. दोन दिवस ऐकलीत आणि म्हणालात, "यात गाणं अर्धंच येतं." ती हिरमुसली, मी चिडले, सिस्टिम सुमनताईंकडे गेली. तुम्ही परत आपल्या एका स्पीकरच्या जुन्या रेडिओकडे. तो बंद पडल्यावर मग किती दिवस घरात गाणंच नव्हतं. तुम्ही काही बोलला नाहीत आणि मी विचारलं नाही. एकटेच दुकानादुकानांतून हिंडत होता म्हणे, अविनाश सांगत होता.

काल संध्याकाळी मी तो डबा लावला. बटण दाबलेलंच होतं. ते सोडलं आणि एक कान बोटानं बंद करून बसले. गाणाऱ्या बाईंचा आवाज होता, पण सारंगी नुसती कुठेतरी लांब, असल्या-नसल्यासारखी. बटण दाबलं आणि सारंगी आली, अगदी जवळ. मला गाण्यातलं काही कळत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पण मी चटकन बसल्या जागी सरळ झाले. पूर्ण किंमत दिलीत ते बरोबर केलंत. दीडपट मागितली असती तरी द्यायला हवी होती. चूक एवढीच, की खरं कारण दुकानदाराला सांगितलंत आणि मला सांगितलंत 'बटणं चांगली आहेत'.

आता दवाखान्याचं.

तुमच्या डाव्या बाजूला ती यंत्रं आणि सलाईनचा स्टँड होता, खुर्ची फक्त उजवीकडे मावत होती. मी वाकून सांगत होते, मुक्ता निघाली आहे, विमानात बसली, रात्रीपर्यंत पोचेल. तुमचे डोळे मिटलेले होते, पण तुम्ही मान माझ्याकडे वळवलीत. नर्स म्हणाली, "आजी, मास्क सरकतोय, त्यांची मान सरळ राहू द्या." मी सरळ केली. तुम्ही पुन्हा वळवलीत. मी पुन्हा सरळ केली आणि वर म्हणाले, "पडा की जरा स्वस्थ."

आज सकाळी मी तुमच्या बाजूच्या उशीवर उताणी झोपून बघितलं. मान उजवीकडे वळवली. उजवा कान उशीत गेला आणि डावा वर आला, मोकळा. मी तशीच पडून राहिले, उठायचं मला सुचेचना. तुम्हाला माझ्याकडे बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं! आणि मी दोन्ही वेळा ते माझ्या हातानं बंद केलं.

त्यानंतर मी ते बोलले. "तुम्ही निर्धास्त जा, माझी काळजी करू नका, मी नीट राहीन." तुम्ही परत मान वळवली नाहीत. ऐकू आलं म्हणून वळवली नाहीत, की थकलात? कालपासून मी एवढंच धरून बसले होते, की ऐकू आलं नसेल तर हा माणूस माझी काळजी करतच गेला.

पण लिहिता लिहिता उलटंच मनात आलं. ऐकू आलं असेल तर? तर तुम्ही माझ्या थापेवर विश्वास ठेवून गेलात. मी नीट राहिलेली नाही. तुम्ही गेल्यापासून टेबलाशी बसून जेवलेली नाही, ओट्यापाशी उभी राहून काहीतरी पोटात ढकलते. मुक्ताला फोनवर 'मजेत' म्हणून सांगते. सोसायटीतल्या बायका फिरायला बोलवायला येतात, त्यांना गुडघा दुखतो म्हणते. माझा गुडघा ठणठणीत आहे. तुमचा जीव अडकू नये म्हणून बोलले होते मी ते, खरं म्हणून नाही. तुम्ही जन्मभर एक गोष्ट दडवलीत, मी शेवटच्या दिवशी एक. आता कुणी कुणावर रागवायचं?

तेव्हा जे नुसतं बोलले, ते आज लिहून देते. इथे कानाचा प्रश्न नाही, मास्क नाही, मान कुणी सरळ करणार नाही. मी नीट राहीन. हे आता वचन आहे, आणि दिलेलं वचन मी मोडत नाही हे तुम्ही बघितलेलं आहे. पोळ्या झाल्या आहेत. पान वाढून घेते आणि बसून जेवते.

तुमची,
निर्मला