गनला घातलेलं तेल

प्रिय अरशद,

वळ गावाहून भिवंडीत तुझ्या घरी यायला रिक्षाने अर्धा तास लागत नाही, आणि मी तुला पत्र लिहायला बसलोय. हसशील. हस. गेल्या आठवड्याभरात तीन वेळा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरलो. एकदा तर तू लूमवरून सुटून घरी जाताना दिसलास, केसांत कापूस, हातात डबा. हाक मारली नाही. शेवटी दिपाली वैतागली. म्हणाली, "तोंडानं बोलता येत न्हाय तं लिवून तरी टाका येकदाचं." बायकोचं ऐकलेलं बरं असतं, म्हणून गोडाऊनच्या केबिनमध्ये, दिवसपाळीत, गेटपासच्या वहीची पानं फाडून लिहितोय. बाहेर कंटेनर उभे आहेत, ड्रायव्हर त्यांच्याच सावलीत झोपलेत आणि माझे दहा गार्ड दहा ठिकाणी पेंगतायत. मालकाकडून दहाच मागून घेतले मी. पलटणीची सवय, दुसरं काय.

तुझा शादाब सोमवारी इथे आला होता. सुट्टी संपत आली म्हणाला. केवढा उंच झालाय रे! त्याला त्याच्या सेक्शनमध्ये एलएमजी मशीनगनवर नंबर दोन दिलंय, तुझीच जागा. मी खूश झालो, तो झाला नाही. खाली बघत म्हणाला, "चाचा, खरं सांगा, अब्बांनीच बर्फात गनला तेल पाजलं होतं ना? तिकडं कुणाला मी बोलतच नाय की माझा बाप पण फौजमधी होता." मी चहा मागवला. ज्याला बापाची लाज वाटते असा पोरगा समोर बसून बिस्कीट बुडवून खातोय, हे बघणं फार वाईट असतं.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. अकलोलीला गेलो आणि गरम कुंडात पाय सोडून बसलो. गर्दी नव्हती. तिथली वाफ अशी वर येते की समोरचा माणूस कमरेपासून नाहीसा होतो. माझे डोळे मिटले होते की उघडे, आठवत नाही, पण त्या वाफेतून आपलं सेक्शन चालत आलं. आधी दोन स्काउट, त्यांत रामनाथ पुढे, मान नेहमीसारखी एका बाजूला कललेली. त्यांच्यामागे सेक्शन कमांडर, आपले हवालदारसाहेब, कार्बाइन छातीशी आणि ओठ हलतायत, म्हणजे माणसं मोजतायत. मग मी, खांद्यावर एलएमजी, आपली गन, अख्ख्या सेक्शनची सगळ्यात जड आणि सगळ्यात लाडकी. माझ्यामागे तू, स्वतःची रायफल, वर गनच्या मॅगझिनांचं ओझं आणि पाठीवर तिची जादा नळी. मग रॉकेट लाँचरवाले दोघं, नंतर दोन रायफलवाले, पट्ट्याला हातगोळे लटकवलेले, आणि सगळ्यांत शेवटी सेकंड इन कमांड, जो पुढे कमी आणि मागेच जास्त बघत चालायचा. दहा माणसं. बर्फावरून चालायचो तसे पाण्यावरून गेले, पावलांचासुद्धा आवाज नाही. आणि गंमत म्हणजे सगळे पंचविशीतले. मीच तेवढा टकल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसलेला.

आपल्याला शिकवलं तेच आता शादाबला शिकवत असतील. गन एका जागी बसून बोलत राहते आणि तिच्या आवाजाच्या आडोशाने रायफलवाले पुढे सरकतात. गन गप्प झाली की ते उघडे पडले. नंबर एक निशाण धरतो, नंबर दोन त्याच्या डावीकडे पडून मॅगझिन बदलतो, बघतो, ऐकतो आणि खांद्यावर थोपटून सांगतो. कष्ट दोघांचे आणि नाव नंबर एकचं. तुझा तो हात माझ्या खांद्याला अजून जाणवतो.

वाफेतून मी आणखी मागे गेलो. शाळा सुटली की घरी न जाता मी तुमच्या लूमवर यायचो, आठवतं? पत्र्याच्या भोकांतून ऊन उतरायचं आणि त्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत राहायचे, खाली पडायचेच नाहीत. आठ लूम एकदम चालायचे. इतका आवाज, इतका आवाज, की थोड्या वेळाने सगळं शांतच वाटायचं. तुझे अब्बा, फखरुद्दीन चाचा, तेलाची कुप्पी घेऊन फिरायचे. मशीन कुरकुरलं की मला बोलवायचे, "केसरी, लोखंड रडाया लागला का त्याला तेल द्यायचा, हलक्या हातानं." तू कंटाळून पतंगांमागे पळून जायचास. तेल घालायला मला आवडायचं, तुला नाही. पण हे आपल्या दोघांनाच ठाऊक. पलटणीच्या लेखी लूमवाला तू होतास.

वीस वर्षांपूर्वी, त्या सकाळी, बर्फातल्या चौकीवर ऊन इतकं लख्ख पडलं होतं की सगळा डोंगर स्वप्नातला वाटत होता. निघायच्या आधी मी गनचा बोल्ट मागे ओढला आणि तो कुरकुरला. हवालदारसाहेबांनी दहादा बजावलं होतं, या थंडीत तेल गोठून चिकट होतं, गन कोरड्या फडक्याने पुसायची आणि बस्स. मला ते पाठ होतं. पण ती कुरकुर कानात गेली आणि मी भिवंडीत पोचलो. कुप्पी काढली आणि हलक्या हाताने, अगदी मायेने घातलं. तू पलीकडे मॅगझिनं भरत होतास. मान वर करून पाहिलंस की नाही, हे मी वीस वर्षं स्वतःला विचारतोय.

वाटेत समोरच्या कड्यावरून शत्रूचा गोळीबार सुरू झाला. आपल्या तीन गोळ्या सुटल्या आणि गन गप्प झाली. रामनाथ तेव्हा दोन खडकांच्या मध्ये, उघड्या बर्फावर होता. तू मॅगझिन काढलंस, मी बोल्ट ओढला, तो डिंकातून यावा तसा आला. पुन्हा ओढला, पुन्हा तसाच. रामनाथ पडला नाही, खाली बसला, मांडी धरून. तू मला बाजूला ढकललंस, आपली रायफल घेतलीस आणि गुडघ्यावर उठून गोळ्या चालवत राहिलास, सेकंड इन कमांडने रामनाथला ओढून खडकामागे नेईपर्यंत. आडोसा सोडून, गुडघ्यावर. हे शादाबला कुणी सांगितलेलं नाही. तू तर सांगणारच नाहीस.

चौकशीत मेजरसाहेबांनी गन उघडली तेव्हा त्यांच्या बोटाला काळं चिकट लागलं. मला विचारायच्या आधीच मागून कोणीतरी म्हणालं, "लूमवाला है साब, तेल तो डालेगा ही." सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. आणि म्हणालास, "हां साब, मैंने डाला." माझे शब्द दातांपर्यंत आले होते, अरशद. मी ते गिळले. माझं नाव नाईकच्या बढतीच्या यादीत होतं, बाबा नुकतेच गेले होते, आईला माझ्याशिवाय कोणी नव्हतं, ही कारणं मी मागाहून गोळा केली. त्या क्षणी मी नुसता घाबरलो होतो.

तुझी लान्स नाईकची फीत गेली. मी नाईक झालो, पुढे हवालदार, त्याच सेक्शनचा कमांडर. तू शिपाई म्हणूनच घरी आलास. तुमचे लूम गेले आणि तू परक्याच्या लूमवर मशीनं दुरुस्त करणारा जॉबर झालास. तरी दर ईदला तुझ्या घरून शीरखुर्म्याचा डबा येतो, आणि मी तो चाटूनपुसून खातो. रविवारी रामनाथला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पायाचं सोड, थोडा लंगडतो इतकंच. पण वीस वर्षं मी अरशदला शिव्या घातल्या, त्या आता परत कशा घेऊ?" आणि फोन ठेवला.

खरं सांगू? हे पत्र तुझ्या नावाचं असलं तरी तुझ्यासाठी लिहिलेलं नाही. तुला यातलं काय नवीन? शादाब परवा पलटणीत निघतोय, उद्या दुपारी माझा निरोप घ्यायला येईल. पाकीट मी चिकटवणार नाही. त्याला समोर बसवून सांगणार आहे, आधी तू वाच, मोठ्याने वाच, मी ऐकतो. वाचून झाल्यावर त्याने मला चाचा म्हणणं सोडलं तर सोडू दे, मी ते कमावलंय. मग तोच हे तुझ्या हातात आणून देईल. तू लगेच म्हणशील, जाऊ दे रे, जुनी गोष्ट आहे. म्हणू नकोस. एकदा गप्प उभा राहा, आणि तुझ्या पोराला तुला सॅल्यूट करू दे.

तुझाच,
केसरीनाथ