कांदा नाही, लसूण नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

वजन पुन्हा उतरलं. डॉक्टरीणबाई काट्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. "घशाचं रेडिएशन संपलं, आजार आटोक्यात आहे. आता ह्यांनी खायला पाहिजे. पुढच्या खेपेला असंच असेल तर नाकातून नळी घालू."

ह्यांनी मान हलवली — नाही. बाईंनी समजावलं. पुन्हा नाही.

ऑटोत बसल्यावर म्हणाले, "नळी घातलेल्या माणसाने देवांपुढे काय बसायचं?" एवढंच. खाणं होत नाही आणि नळी नको — मग उरतं काय, ते दोघांनाही माहीत आहे. गांधी बझारला घरापाशी उतरलो.

घरात पाऊल टाकते तोच पुण्याहून विराटचा फोन. रविवारची पुरवणी तो बघतो. "मॅडम, बंगळुरूतल्या घरच्या सुगरणी आणि त्यांचे आवडते व्हिएतनामी पदार्थ. हजार शब्द. वीस तारखेपर्यंत जमेल?" जमेल म्हटलं. तीस वर्षांत त्या पुरवणीला नाही म्हटलेलं नाही. आणि घरात बसून नुसतं ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले तर मला वेड लागेल.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सकाळी पेज केली. तूप, मीठ. पहिल्याच चमच्याला तोंड फिरवलं. "चिखल." वरणाचं पाणी — "खडू." ताक — "साबण." जिभेची चव गेली असती तर एक वेळ चाललं असतं, पण हे भलतंच येऊन बसलंय तिथे.

संध्याकाळी मागच्या गल्लीतली भव्या लेखासाठी म्हणून तांदळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या कच्च्या भाज्या घेऊन आली. पापुद्रा इतका पातळ की आतलं गाजर, काकडी, पुदिना सगळं दिसतं. ह्यांनी बराच वेळ निरखलं. मग त्या फाटक्या आवाजात — "कोशिंबिरीला रेनकोट घातलाय!" भव्या हसून हसून बेजार. मीही हसले.

खाल्लं मात्र नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दोन चमचे. तेही माझ्यासाठी.

शनिवार, ८ फेब्रुवारी

एकादशी! गोळीपुरतं पाणी, बाकी काही नाही. भांडले मी. म्हटलं, देवाला सगळं कळतं, तो रागावणार नाही. "तो नाही रागवायचा. पाळायचं मला आहे."

हाडांचा सापळा झालाय, पण पूजा चुकत नाही. सोवळं नेसून बसतात. शाळिग्राम हातातून ताम्हनात निसटतो. पुन्हा उचलतात, पुन्हा अभिषेक. पाच पिढ्यांचे देव आहेत, थोरल्याकडे जातात, म्हणून ह्यांच्याकडे.

शेवटी गुंडो भावजींना बोलावलं. ह्यांचे धाकटे, जयनगरला असतात. त्यांनी उशाशी बसून विनवलं, "अण्णा, स्वल्प तरी घे. आजाऱ्याला सूट असतेच आपल्यात." हे भिंतीकडे तोंड करून झोपले. जाताना भावजी दारात म्हणतात, "वहिनी, शाळेत होता तेव्हा तापातसुद्धा एकादशी सोडायचा नाही. अप्पा ओरडायचे, तरी नाही!" कौतुकाने सांगतात!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

लेखासाठी बेळ्ळंदूरला श्वेताकडे गेले. जायला दोन तास, तिथे एक तास. मूळची मुंबईची, नवरा आयटीत. काही वर्षं दोघं व्हिएतनामात सायगावला होती, तिथल्या शेजारणीकडून स्वयंपाक शिकली. फोनवर आधीच बजावून ठेवलं होतं — आमच्याकडे कांदा चालत नाही, लसूण चालत नाही. "डोन्ट वरी काकू, पक्कं लक्षात आहे."

तिने आपला सगळ्यात आवडता पदार्थ म्हणून पुढ्यात ठेवली ती पेज! तांदूळ, सोललेले मूग, आलं. तिथे म्हणे आजाऱ्याला, बाळंतिणीला, रात्री उशिरा घरी आलेल्या माणसाला, सगळ्यांना हीच. मी खाल्ली. बरी लागली, नेमकं का ते कळलं नाही. ह्यांच्याबद्दल बोलताना आवाज फुटला असावा माझा, कारण निघताना तिने डबा हातात दिला.

घरी येऊन डबा उघडला, वाटीत वाढली. "पुन्हा चिखल?" — "एक चमचा, माझ्यासाठी." घेतला. थांबले. दुसरा स्वतःच्या हाताने घेतला. वाटी संपली. मग वाटी माझ्यापुढे सरकवली — "आहे का अजून?"

नळ सोडून सिंकपाशी रडले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

श्वेता रोज डबा पाठवते. पोरगी देवासारखी धावली. आज दोनदा जेवले. अंगणात खुर्ची टाकून बसले, रस्त्यावरच्या भाजीवाल्याशी भावावरून वाद घातला!

शनिवार, १५ फेब्रुवारी

श्वेताला कृती मागितली होती, लेखासाठी आणि मलाही करता यावी म्हणून. तिने बोलून पाठवली. तांदूळ कोरडे भाजायचे, मूग, आलं, मंद आच. "आणि शेवटी दीड चमचा फिश सॉस. तो मस्ट आहे काकू, नाहीतर ती नुसती पेज."

दोनदा ऐकलं. फोन केला.

"श्वेता, माशाचा?"

"हो काकू, बारीक मासे मिठात मुरवतात ना, त्याचं पाणी. का हो?"

"अगं, मी सांगितलं होतं तुला…"

"कांदा-लसूण नको म्हणालात. मी किती स्ट्रिक्टली पाळलं! पातसुद्धा नाही टाकली. मला वाटलं डॉक्टरांनी पथ्य दिलंय." मग — "काकू, तुम्ही प्युअर व्हेज आहात? अय्यो."

रडायलाच लागली. तिची काय चूक? मी कांदा सांगितला, लसूण सांगितला. मासे सांगायचे असतात हे आमच्या घरात कुणाला सुचलंच नसतं. मीही वाटीभर खाल्ली होती, पण माझं सोडा. ह्यांनी आजारी पडेपर्यंत बाहेरचं पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं!

रविवार, १६ फेब्रुवारी

तो सॉस सोडून सगळं तसंच केलं. "चिखल." सोयाचं पाणी घालून पाहिलं — "लोखंड." दुपारी डब्यातली शिळी उरली होती, ती फेकून दिली. फेकताना हात थांबला होता.

रात्री काही नाही. "ती श्वेताची का नाही आली आज?"

सोमवार, १७ फेब्रुवारी

बाटली आणली. घरात आणवेना, स्वयंपाकघरातच देव आहेत. स्कूटरच्या डिकीत ठेवली. विजेचा कुकर गच्चीवर नेला, तिथेच शिजवलं, तिथेच घातलं. वास आला तसा पदर नाकाला लावला. वेगळी वाटी, वेगळा चमचा, गच्चीवरच्या नळावर घासायचं.

दीड वाटी खाल्ली. "श्वेतापेक्षा तुझी छान झाली हं."

बुधवार, १९ फेब्रुवारी

वजन वाढलं! थोडंच, पण काटा वर गेला. बाई खूश. "काय देताय?" — "पेज." — "कसली?" — "आपली साधीच." खोटं किती सहज येतं! हे शेजारी बसून माझ्याकडे अभिमानाने बघत होते.

आवाज परत येतोय. सकाळी मंत्र बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू आले. ज्या तोंडात मी ते घालते, त्याच तोंडाने. पूजा संपेपर्यंत मी आत गेले नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

लेख गेला. वेळेत. श्वेताच्या कृतीतला फिश सॉस गाळला नाही. वाचणारी बाई त्यावरून रांधणार, तिला फसवायचं नाही. बाहेरच्या बाईला नाही, आणि घरच्या माणसाला?

सांगितलं तर खाणं सुटेल. नाही सांगितलं तर बरे होतील, पण ज्याच्यासाठी बरं व्हायचंय त्या पूजेलाच मी रोज… पुढे लिहवत नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सांगितलं.

पूजा झाल्यावर, जेवणाआधी. बेळ्ळंदूरपासून गच्चीपर्यंत सगळं. "आधीचं मला माहीत नव्हतं. सोमवारपासूनचं माहीत होतं." गंध लागलेला हात मांडीवर तसाच. ओरडले असते तर बरं झालं असतं. एकच विचारलं — "देवांच्या भांड्यांना लागलं का?" नाही म्हटलं. मान डोलावली. उठून खोलीत गेले.

दुपारी साधी पेज नेली. नको. रात्री नको.

शनिवार, २२ फेब्रुवारी

काही नाही. पाण्याचे घोट तेवढे. पूजेलाही उठले नाहीत! दवाखान्याचे दिवस सोडले तर असं कधी झालं नव्हतं. देवांपुढे मी लांबून दिवा लावला.

का सांगितलं मी? कुणी विचारलं होतं? खोटं बोलत होते तेव्हा माणूस जगत होता. आता मी स्वच्छ आणि हे असे पडलेत! डॉक्टरीणबाईंना फोन केला. "उद्यापर्यंत बघा, नाहीतर दाखल करा." हे ऐकत होते. डोळे मिटलेले, मान हलली — नाही.

मला ह्यांचा राग येतोय. देवांचाही येतोय. इथे लिहायला काय हरकत आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी

पहाटे गुंडो भावजी दारात. अंघोळ करून, सोवळ्यात, तसेच गाडी चालवत आलेले. मी बोलावलं नव्हतं, ह्यांनी रात्री फोनवर सगळं सांगून बोलावलं होतं. हे भिंत धरत आले ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबले. "देव घेऊन जा, गुंडो. शाळिग्राम, घंटा, सगळं. आता तुझ्याकडे." भावजी गयावया करायला लागले — "अण्णा, प्रायश्चित्त असतं ना, मठात विचारू." तर म्हणाले, "प्रायश्चित्त पुन्हा न करणाऱ्याने घ्यायचं."

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत फाटकात उभे होते. मग आत येऊन पानावर बसले. माझ्याकडे न बघता — "आता वाढ, ती गच्चीवरची."