शेजारच्या खाटेवरची चिमाबाई

दादा,

मला तातडीनं निघावं लागतंय. आई उठली की तिला पेज दे आणि दुपारी साखर तपास.

काल दवाखान्यात आई घामानं भिजून बेशुद्ध पडली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वयामुळं अशक्तपणा आहे." आईला मधुमेह नाही, तरी तिला इन्सुलिन टोचलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या, बेडसे गावच्या बाईंचं नावही चिमाबाईच. सिस्टरनं नुसतं "चिमाबाई का?" विचारलं, आई "व्हय" म्हणाली. ना आडनाव विचारलं, ना हातावरची पट्टी पाहिली. केसपेपरवर त्या सुईचा उल्लेखच नाही.

तू उलट डॉक्टरांनाच हात जोडलेस. म्हणालास, "जाऊ दे हर्षदा, आई वाचली ना." दादा, मी भांडून साखर तपासायला लावली म्हणून ती वाचली. आज त्यांचा माणूस 'तक्रार नाही' असा कागद घेऊन येईल. तू सही करू नकोस, आणि आईचा अंगठाही देऊ नकोस.

त्या चिमाबाईंना त्यांचं इन्सुलिन मिळालंच नाही. तक्त्यावर मात्र दिल्याची खूण करून त्यांना संध्याकाळी घरी धाडलं. मी डॉक्टरांना म्हटलं, त्यांच्या घरी कळवा. ते म्हणाले, "उगाच घाबरवू नका."

आत्ता मीच त्यांच्या सुनेला फोन केला. ती म्हणाली, "सासूबाई रातभर पाणी पित व्हत्या, आता हाक मारली तरी उठंनात." मी १०८ ला कळवलंय आणि बेडशाला निघालेय. नव्या डॉक्टरांना काल काय झालं ते खरं सांगणारं कुणीतरी सोबत हवं.

हर्षदा