डाएट माझं, ताट रेणुकाचं

६ जानेवारी, सकाळी ७
आजपासून लो-कार्ब. शुगर २६०. लेकीनं, कोमलनं फोनवर बजावलं: महिन्यात उतरली नाही तर वलवणचं घर बंद करून मला वाकडला तिच्या नव्या फ्लॅटवर नेणार. नेते कशाला! रेल्वेत चौतीस वर्षं काढली, एकदा सिग्नल चुकला नाही. दोन अंडी, लोणी, मीठ, मिरपूड. मंद आचेवर हलवायची, बस. मनातसुद्धा बुर्जी म्हणायचं नाही, पाव आठवतो.

७ जानेवारी
अंडी करपली. चमचा उचलला तोच मागे बांगड्या वाजल्या. वळलो, कुणी नाही. बायकोला, रेणुकाला जाऊन पाच महिने झाले. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. घरामागच्या धरणावरचा वारा असणार.

९ जानेवारी, ६.४०
जमली! मऊ, पिवळीधमक. तेवढ्यात रेणुका मागून स्पष्ट बोलली. नुसतं अंडं खाऊन कुनाचं पोट भरतंय व्हय, भाकरी घ्या की. मी ठणकावलं, डाएट आहे. तुमचं आसंल, माझं न्हाई, म्हणाली. मुद्दा बरोबर. गेलेल्या माणसाचं ताट काढतातच. शेजारच्या शकुबाईंकडून दोन भाकऱ्या आणल्या, तिचं ताट मागच्या पडवीत कावळ्यासाठी ठेवलं. कावळा फिरकला नाही. अन्न टाकवेना. मीच संपवलं. हे डाएटमध्ये धरायचं नाही.

१५ जानेवारी
अंडी रोज फर्स्ट क्लास. माझ्या ताटात कार्ब शून्य. काल संक्रांत, तिला गूळपोळ्या लागल्या. तीन. कावळे पतंगांना भ्याले असावेत.

२२ जानेवारी, सकाळी ६
ती आधीच ओट्यापाशी. पाठमोरी. हाक मारायचा धीर झाला नाही. भीती तिची वाटत नाही, ती जाईल याची वाटते. शकुबाईंना आता चार भाकऱ्या सांगितल्यात. भाऊ, पाव्हणं आल्यात का, विचारत होत्या. व्हय म्हणालो.

५ फेब्रुवारी
शुगर ३१०. मशीन बिघडलेलं असणार. कोमल स्वतः आली. तिला शांतपणे समजावलं, की भाकऱ्या आईच्या, माझी फक्त अंडी. ओट्याला धरून रडली बिचारी. मग माझे कपडे भरले. कुलूप तिनंच लावलं.

२० फेब्रुवारी, वाकड
शुगर १२८. जावयांनी टाळ्या वाजवल्या. अंडी कोमल करते, मस्त होतात. सहापासून स्वयंपाकघरात बसून होतो. फ्रिज तेवढा घुरघुरला. पंधरा दिवस झाले, रेणुका आली नाही. हा फ्लॅट ती गेल्यावर घेतला. तिला पत्ता कुणी सांगितलाय?