सात रांगा आणि एक फीत

३ फेब्रुवारी
विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मुख्याध्यापिका बाईंनी मला ऑफिसात बोलावून सांगितलं की नववीचा लहरींचा धडा आता मी घ्यायचा, दुसरं कोणी मोकळं नाही. पीटीचा माणूस कायम मोकळाच असतो असा या शाळेत समज आहे.

नाही म्हणणार होतो. पण बाई म्हणाल्या, तपासणीचे साहेब याच महिन्यात येणार, नेमका याच वर्गाचा पाठ बघणार, आणि पाठ चांगला झाला तर मला कायम करण्याचा विषय त्यांच्यापुढे काढता येईल. ताबडतोब हो म्हणालो. इतकी वर्षं कंत्राटावर शिट्टी वाजवतोय. दर वर्षी सुट्टी लागली की वाट बघत बसायचं, पुन्हा बोलावतात की नाही. एकदा कायम झालो की ग्राउंड माझं. बाकी काही नको.

लहरी म्हणजे लाटाच. मला उत्तम पोहता येतं. डाव्या हाताचा मळ आहे.

संकल्प : रोज पहाटे उठून धडा वाचणे.

४ फेब्रुवारी, पहाटे
उठलो. पुस्तक उघडलं.

४ फेब्रुवारी, सकाळी
डोळा लागला होता. टाइप फार बारीक आहे. उद्यापासून.

५ फेब्रुवारी
लेक याच वर्गात आहे. शाळेत सर आणि तुम्ही, घरी बाबा आणि तू, असा आमचा नियम. जेवताना तिने विचारलं की तो धडा मला येतो का. मी म्हणालो, शिक्षकाला येण्याचा प्रश्न नसतो, त्याने शिकवायचं असतं. ती आईकडे बघायला लागली. हीसुद्धा तिच्याकडे बघायला लागली. माझ्याकडे कोणीच बघितलं नाही. धाकात आहेत.

७ फेब्रुवारी
पहिला तास. वर्गात बसून विज्ञान होत नाही, म्हणून सगळ्यांना ग्राउंडवर काढलं. पुस्तकात बारीक दोरी दाखवली आहे. मी रस्सीखेचीचा दोर काढला. जे करायचं ते दणक्यात करायचं. मधोमध लाल फीत बांधलेलीच होती.

टोकाला झटका दिला. दोर हलला नाही, माझा खांदा हलला. मग चार मुलांना लावलं. तेव्हा कुठे एक लाट सरपटत गेली. मी विचारलं, फीत कुठे गेली? मुलं म्हणाली, कुठेच नाही, जराशी वर झाली आणि खाली आली. मी म्हणालो, असं कसं, लाट पुढे जाते तर फीत पुढे गेलीच पाहिजे. आयुष्यभर रस्सीखेच घेतली आहे. फीत आपल्याकडे आली तर आपण जिंकलो, नाही आली तर दमलो ते फुकट. मुलांना दोर जरा ओढायला सांगितलं. फीत पुढे आली. सिद्ध झालं.

लेक बुटाची नाडी बांधत होती. बराच वेळ.

१० फेब्रुवारी
अनुतरंग, म्हणजे पुढे-मागे ढकलत जाणारी लाट. मुलं एकामागे एक, हात पुढच्याच्या खांद्यावर, शेवटच्याला मी धक्का दिला. धक्का रांगेतून सुंदर गेला. सगळ्यात पुढचा मुलगा भिंतीवर गेला. नाक थोडं सुजलं आहे. त्याच्या आईचा फोन आला. मी म्हणालो, हे प्रात्यक्षिक होतं. त्या म्हणाल्या, पुढचं प्रात्यक्षिक स्वतःच्या नाकावर करा. पालकांना विज्ञानाची गोडी नाही.

पहाटेचं वाचन राहिलं. खांद्यामुळे.

११ फेब्रुवारी
विद्युतचुंबकीय वर्णपट. हा शब्द एका दमात म्हणता आला, हेच मोठं. रेडिओ, सूक्ष्मलहरी, अवरक्त, दृश्य प्रकाश, अतिनील, क्ष-किरण, गॅमा. सात नावं. म्हणजे सात रांगा. अंगावर काटा आला. साहेबांपुढे कवायत! प्रत्येक मुलाच्या छातीवर आपल्या लहरीची पाटी, सात रांगा, ढोल, मी शिट्टीवर. असा पाठ त्यांनी जन्मात पाहिला नसेल.

कोणती लाट मोठी, एवढंच ठरवायचं होतं. पुढे एक तक्ता दिसतो आहे, पण त्यात आकडे फार. ही हॉस्पिटलात एक्स-रे विभागात आहे. तिला विचारणार होतो. पण विचारायची गरजच काय? तो शिशाचा एप्रन मी एकदा उचलून पाहिला आहे. पाठ धरली होती. इतकी जाड भिंत, इतका जड एप्रन, म्हणजे पलीकडून येणारी लाट केवढी धिप्पाड असेल! आणि रेडिओ काय, आरपार जातो, कोणाला खरचटतही नाही. लहानखुरी लाट. तर्काने सगळं सुटतं.

गॅमाला वर्गातली सगळ्यात उंच मुलं, ढांगा लांब टाकायच्या. त्यांच्याखाली क्ष-किरण. असं उतरत उतरत रेडिओला सगळ्यात बुटकी.

१३ फेब्रुवारी
तालीम. पुस्तकातली एक चौकट मी वाचली आहे : निर्वात पोकळीत या सगळ्या लहरींचा वेग सारखाच. म्हणून सातही रांगा एकदम दुसऱ्या टोकाला पोचल्या पाहिजेत. गॅमा रमतगमत पोचते. रेडिओवाल्यांची पावलं इवलीशी, बिचारे तुरुतुरु पळून धापा टाकतात. त्यांना जास्त पाणी प्यायला सांगितलं.

लेकीला दृश्य प्रकाशात ठेवलं आहे, मध्ये, म्हणजे पक्षपात नको. तालीम संपल्यावर ती जवळ आली. म्हणाली, "सर, उलटं आहे." मी म्हणालो, तालमीत बोलायचं नाही. ती म्हणाली, लांबी जास्त तर वारंवारता कमी, आणि रेडिओ... मी शिट्टी वाजवली.

१५ फेब्रुवारी
घरी दोघी एक झाल्या. ही म्हणाली, मी रोज त्या एक्स-रेच्या खोलीत उभी असते, एकदा तिचं ऐकून तरी घे. लेकीने टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरून बटण दाबलं. नुसत्या डोळ्याला काही दिसत नव्हतं, कॅमेऱ्यात टिमटिम दिवा दिसला. म्हणाली, हे अवरक्त, डोळ्याला दिसत नाही म्हणून नसतंच असं नाही. मी म्हणालो, सेल जपून वापरा.

१७ फेब्रुवारी
तक्ता वाचला.

रेडिओ लहरींची लांबी किलोमीटरमध्ये दिली आहे. गॅमाची अणूपेक्षाही लहान.

छपाईची चूक असणार. एवढी जबरदस्त गॅमा आणि अणूपेक्षा लहान? कोणाला तरी पटेल का?

१८ फेब्रुवारी
चूक असणारच. जेवण जात नाही.

पाट्या बदलायला एक तास पुरेल. पण बदलल्या तर मुलांना कळेल की सरांना येत नव्हतं. लेकीला तर कळेलच. वर्गात कोणीतरी तिला पीटीची पोरगी म्हणतं, हे मला माहीत आहे. उद्या अडाण्याची पोरगी म्हणतील. आणि तालीम इतकी बसली आहे. आणि साहेब काय पाट्या वाचत बसणार आहेत? ढोल ऐकतील.

कायम नाही झालो तर या वयात मला पळायला कोण ठेवणार? दुसरं काहीच येत नाही मला. हे इथे लिहून ठेवतो, बाहेर बोलणार नाही.

संकल्प : घाबरणे बंद.

२० फेब्रुवारी, सकाळी
शिट्टी, टोपी, पांढरे बूट. हात थंड पडले आहेत. उत्साहामुळे.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी
झालं.

सुरुवात झकास. ढोल वाजला, सात रांगा निघाल्या, साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. मी मनात म्हणालो, जिंकलो. मग ते चालत रेडिओच्या रांगेपाशी गेले आणि सगळ्यात पुढच्या मुलीला प्रेमाने विचारलं, "बाळ, तू रेडिओ लहर, मग तुझी पावलं इतकी छोटी कशी?" ती धापा टाकत माझ्याकडे बघायला लागली. बाई बघायला लागल्या. अख्खं ग्राउंड बघायला लागलं.

उलटं झालं आहे, हे मला कळलं. ग्राउंडवर काही उलटं झालं की माणूस काय करतो? मी ओरडलो, "अबाउट टर्न!"

सगळा वर्ग गर्रकन वळला. काय वळला! पण पाट्या छातीवर. साहेबांसमोर नुसत्या पाठी. आणि थांब म्हणायला मी विसरलो. सातही रांगा शिस्तीत भिंतीकडे चालत राहिल्या. गॅमा अर्थातच आधी पोचली. पोचून जागच्या जागी पाय आपटत राहिली.

मग कोणीतरी "थांब" म्हणालं. लेक. रांगेतून बाहेर येऊन ती साहेबांपुढे उभी राहिली. म्हणाली, "सरांनी मुद्दाम उलटं लावलं होतं. चूक कोण पकडतं ते बघायला." मग तिने रेडिओच्या आणि गॅमाच्या पाट्यांची अदलाबदल केली, बाकीच्यांनाही हलवलं आणि पुन्हा चालायला लावलं. उंच मुलं लांब ढांगा टाकत रेडिओ झाली, बुटकी तुरुतुरु गॅमा. पाऊल जितकं लहान तितकी त्यांची संख्या जास्त आणि दणका जास्त, हे तिने समजावलं. सगळे एकदम पोचले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

मी टोपी नीट केली.

२१ फेब्रुवारी
विचार करता असं वाटतं, की मुळात माझ्या मनात तेच होतं. माणूस आतून शिक्षक असला की हात आपोआप उलट्या पाट्या लावतो. लेकीने फक्त ओळखलं. रक्त आहे शेवटी.

कायम होणार. हिला सांगितलं. ही म्हणाली, हो. नुसतं हो.

२६ फेब्रुवारी
बाईंनी बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

साहेब भारावून गेलेत म्हणाल्या. चूक शोधायला लावण्याची पद्धत त्यांना इतकी आवडली, की विज्ञानाच्या बाई परत येईपर्यंत नववी आणि दहावीचं सगळं विज्ञान माझ्याकडे. मी विचारलं, आणि ग्राउंड? ग्राउंडसाठी नवीन मुलगा घेतला आहे, म्हणाल्या, चपळ आहे, शिट्टी त्याच्याकडे द्या. मी विचारलं, आणि कायम? बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू, तोवर कंत्राट आहेच की.

शिट्टी दिली. त्याने रुमालाने पुसून घेतली. मला फार वाईट वाटलं. मला फक्त ग्राउंड हवं होतं.

२७ फेब्रुवारी
सोमवारपासून विद्युतधारा. मला फ्यूजसुद्धा बदलता येत नाही. लेकीला म्हणालो, शिकव मला. पहिल्यांदाच म्हणालो. ती हसली नाही.

तिने कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली. एक टोक दाराच्या कडीला बांधलं, मधोमध तिची जुनी लाल रिबीन, दुसरं टोक माझ्या हातात दिलं. म्हणाली, "आधी लहर. मी तुला सुरुवातीपासून शिकवते. झटका दे, आणि फक्त फितीकडे बघ बाबा."

झटका दिला. लाट सरसर दारापर्यंत गेली. फीत टुणकन वर उडाली, खाली आली, आणि होती तिथेच राहिली.

"कुठे गेली?" तिने विचारलं.

मी पुन्हा झटका दिला. जरा जोरात. मग आणखी जोरात. दाराची कडी खडखडली. ही आतून म्हणाली, कडी निघेल. तरी दिला.

"कुठेच नाही," मी म्हणालो.

"बरोबर," लेक म्हणाली.